सात पावलांवरचं दार

लेन्स खोटं बोलते, हे मला हैदराबादच्या स्टुडिओत पहिल्याच आठवड्यात शिकवलं. सरळ खांब दाखवा, चित्राच्या कडेला नेऊन ती तो वाकवून ठेवते. त्याहून नवल म्हणजे, लेन्स जिथून पाहते ती जागा कुठल्याच काचेवर नसते. ती आत पोकळीत कुठंतरी असते, नुसता एक बिंदू, आणि झूम केलं की तो बिंदू पुढं-मागं सरकतो. बोट ठेवावं असं तिथं काहीच नाही, तरी सगळं चित्र त्याच्यावर उभं. हे ज्या दिवशी डोक्यात शिरलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. खोलीवरच्या मुलींना वाटलं, हिला घरची आठवण येतेय.

दोन वर्षांनी तो स्टुडिओ बंद पडला आणि त्याचं जुनं सामान हिंगोलीच्या व्यंकटरावांनी घेतलं. व्यंकटराव म्हणजे आमच्याकडचे केबलवाले. सकाळी मोंढ्याचे, म्हणजे धान्यबाजाराचे भाव, संध्याकाळी जिल्ह्याच्या बातम्या आणि मधल्या वेळात वाढदिवसाच्या शुभेच्छा, असा त्यांचा चॅनल. सामान चालवायला माणूसही लागतं, हे त्यांना सामान घरात आल्यावर कळलं. अशी मी २००८च्या उन्हाळ्यात गावी परतले. "हैदराबादहून दोन खोके आणि शेषराव पेंटरची पल्लवी आली," असं ते भेटेल त्याला सांगत. आधी खोके, मग मी.

स्टुडिओ म्हणजे मोंढ्यातलं हळदीचं एक जुनं गोदाम. बाबांनी, म्हणजे शेषराव पेंटरनी, त्याची मागची भिंत आणि अर्धी फरशी हिरवीगार रंगवली. हिरव्यासमोर माणूस उभा करायचा आणि हिरवं दिसेल तिथं संगणकातलं चित्र बसवायचं, एवढं लग्नाच्या सीडीवाल्यांनाही येतं. त्यांनी आमच्या जिल्ह्यातले किती नवरा-नवरी बर्फाच्या डोंगरावर नेऊन उभे केले त्याची गणती नाही. पण त्यांचा कॅमेरा हलला की डोंगरही नवऱ्यामागं निघतो. आमच्या कॅमेऱ्याला मात्र मोजणाऱ्या डब्या लावलेल्या होत्या. कॅमेरा किती वळला, झूमची कडी किती फिरली, ते आकडे संगणकात जात आणि चित्रातली भिंतही तेवढीच वळे, तेवढीच जवळ येई. हे जुळलं तर माणूस चालतो आणि भिंत जागेवर राहते. नाही जुळलं तर माणसाचे पाय जमिनीवरून घसरल्यासारखे दिसतात आणि पाहणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते कळत नाही, नुसतं मळमळतं.

हे जुळवायचं तर आधी लेन्सचं खोटं मोजावं लागतं. त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. काळ्या-पांढऱ्या घरांचा एक मोठा बोर्ड कॅमेऱ्यासमोर उभा करायचा, घरं सगळी एका मापाची, आणि झूमच्या एकेका खुणेवर त्याचं चित्र घ्यायचं. घरं खरी केवढी आहेत ते संगणकाला सांगितलेलं असतं, लेन्सला ती कशी दिसली ते चित्रात असतं. दोन्हींतला फरक म्हणजे त्या लेन्सची खोड. बोर्डही बाबांनीच रंगवून दिला. लोडशेडिंग सांभाळत, वीज असेल तेवढ्या तासांत मी चार दिवस मापं घेतली. शेवटी संगणकाने उत्तम म्हणून शेरा दिला आणि मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

व्यंकटरावांच्या डोक्यात कार्यक्रम होता भुईगव्हाणचा. आमचं मूळ गाव ते. धरणाच्या पाण्याखाली गेलं त्याला त्या वर्षी पंचवीस वर्षं होत होती. गावची बहुतेक माणसं आखाडा बाळापूरजवळच्या नव्या वस्तीत राहतात, काही आमच्यासारखी हिंगोलीला आली. मी जन्मले तेव्हा गावावर पाणी होतं. त्या गावातलं एखादं दार पुन्हा उभं करायचं, गावच्या माणसांना त्यातून ये-जा करायला लावायचं आणि बोलतं करायचं, असा बेत होता. दार रुक्माबाईंचं ठरलं. ते पारासमोरच होतं आणि सगळ्यांच्या आठवणीत होतं.

रुक्माबाई ऐंशीच्या घरातल्या. गावातल्या मोठ्या शेतकरी घरची सून. त्यांच्या घराचा फोटो कुणाकडेच नव्हता, म्हणून बाबा चित्रं काढत गेले आणि मी ती संगणकात उभी करत गेले. दाराचा रंग, कडी, चौकटीवर कोरलेली वेल, भिंतीला गेलेली चीर, सगळं बाबांना पाठ. दर पोळ्याला ते त्या दारात बैलांची शिंगं रंगवत. "आतून कसं होतं?" मी विचारलं.

"आतलं मला नको इचारू," बाबा म्हणाले. "आमी बौद्धवाड्यातले उंबऱ्याच्या हिकडंच. शिंगं रंगवली की बाई भाकर बी उंबऱ्यावर ठिवायच्या, आमी उचलायची."

ब्रश धुता धुता त्यांनी हे सांगितलं. मी मात्र आतून पेटले. पुढं रुक्माबाई चित्र पाहायला आल्या आणि "शेषा, वेल बराबर काढली रे," म्हणाल्या, तेव्हा तर माझं डोकंच फिरलं. छप्पन्न वर्षांच्या माणसाला शेषा! बाबा नुसते हसले.

चित्र झालं, अंतर राहिलं. "पारापासून दार सात पावलं," रुक्माबाईंनी ठणकावून सांगितलं. "लगीन होऊन आले तवापासून डोईवर दोन घागरी घेऊन चालले मी. घागरी असल्या की खाली पाहता येत न्हाई. मोजावंच लागतंय."

मी नव्या वस्तीत जाऊन त्यांना अंगणात तीनदा चालायला लावलं आणि टेपने मोजलं. तिन्ही वेळा तीन मीटर वीस, फार तर बोटभर इकडंतिकडं. संगणकातलं दार मी तेवढ्या अंतरावर बसवलं.

बुधवारी तालीम होती, रविवारी सकाळी खरं चित्रीकरण. रुक्माबाईंना त्यांची सून आशाबाई घेऊन आली. पार जिथं संपतो तिथं फरशीवर मी हिरवी चिकटपट्टी लावली होती. समोर नुसती हिरवी भिंत, आणि कोपऱ्यातल्या टीव्हीवर भुईगव्हाण. रुक्माबाईंनी चपला काढल्या, पट्टीवर उभ्या राहिल्या आणि चालायला लागल्या. मान ताठ, नजर समोर. मी कॅमेरा त्यांच्यामागं वळवत होते. सातव्या पावलाला त्या थांबल्या, मान न वाकवता गुडघ्यांत वाकल्या, जशी डोक्यावर घागरी असलेली बाई ठेंगण्या दारातून जाताना वाकते, आणि उजवा पाय चांगला वीतभर उचलून पुढं टाकला.

टीव्हीवर दार अजून दोन पावलं लांब होतं. भर अंगणात एक म्हातारी बाई रिकाम्या जागेवरून पाय उचलून टाकत होती. व्यंकटरावांना हसू फुटलं. माणूस वाईट नाही, पण हसू आलं की त्यांना दाबता येत नाही.

रुक्माबाईंनी वळून टीव्हीकडं पाहिलं. "दार कुठंय?"

"पुढं आहे, आजी," मी म्हणाले. "तुम्ही आज पावलं लहान टाकली. अजून दोन टाका."

हे मी बोलले. हैदराबादहून शिकून आलेली मी, संगणकाने उत्तम शेरा दिलेली मी.

"सातच हायेत," त्या म्हणाल्या. मग आवाज उतरला. "सातच व्हती ना गं, आशा?"

आशाबाई नव्या वस्तीत लग्न होऊन आलेली. तिने ते घर पाहिलंच नव्हतं. ती माझ्याकडं बघायला लागली आणि मी टीव्हीकडं. रुक्माबाईंनी मुकाट्याने चपला घातल्या. व्यंकटराव म्हणाले, वय झालं, आठवण कमीजास्त होणारच, रविवारी नऊ पावलं चालायला सांगू. मलाही ते पटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

शुक्रवारी सकाळी आशाबाईचा फोन आला. "ताई, आत्याबाई कालपासून अंगणात चालून राहिल्या. सात मोजतेत, थांबतेत, परत फिरतेत. जेवन न्हाई का पानी न्हाई. म्हन्तेत, माजं डोस्कं गेलं. म्हन्तेत, शेत गेलं, गाव गेलं, घर तेवढं डोस्क्यात व्हतं. ते बी इसरलं तं माज्यापाशी राह्यलं काय?"

मी फोन ठेवला आणि कुणाला न सांगता गोदामात गेले. वीज नव्हती, म्हणून शटर पूर्ण वर केलं. ऊन तिरपं होऊन थेट हिरव्या फरशीवर पडलं आणि मला पावलं दिसली.

ते गोदाम तुम्ही कितीही झाडा, रात्रीतून वरच्या पत्र्यावरून, फटींतून हळदीची धूळ खाली बसतेच. रोज सकाळी मी तिच्या नावाने बोटं मोडत फरशी पुसायची. बुधवारी तालमीच्या गडबडीत ती पुसायची राहिली, आणि त्यानंतर तिकडं कुणी फिरकलं नव्हतं. हिरव्यावर पिवळा थर, आणि त्या थरात अनवाणी पावलांचे ठसे, टाचेच्या भेगांसकट. पट्टीपासून एक, दोन, तीन. सातव्याच्या पुढं उजव्या पायाचा ठसा खोल उमटलेला, पाय उचलून टाकल्यावर उमटतो तसा.

मी टेप लावला. तीन मीटर एकोणीस.

पुन्हा लावला. तीन मीटर एकोणीस.

मी तिथंच खाली बसले. चारचौघं बघत असताना, अनोळखी जागेत, समोर एकही खूण नसताना ऐंशी वर्षांची बाई सात पावलं चालली होती आणि बोटभरसुद्धा चुकली नव्हती. पंचवीस वर्षं ते दार पाण्याखाली होतं आणि या बाईच्या पायांत ते जसंच्या तसं उभं होतं. त्या पायांना मी लहान म्हटलं होतं. मला माझी लाज वाटली.

तीनला वीज आली. मी एक खरी वीट पट्टीवर ठेवली, दुसरी सातव्या ठशापाशी. संगणकात बरोबर त्याच अंतरांवर दोन विटा काढल्या. जवळची वीट खऱ्या विटेवर चपखल बसली. लांबची बसेना. संगणकातली वीट खऱ्या विटेच्या पुढं दोन पावलं जाऊन उभी. म्हणजे दार चुकलं नव्हतं, पावलं चुकली नव्हती. संगणकाला जमीनच कललेली वाटत होती, म्हणून जवळचं जुळत होतं आणि लांबचं निसटत होतं. पण का? कॅमेरा तपासला, त्याचं तिकाटणं तपासलं, डब्या काढून पुन्हा लावल्या. चार दिवसांची मापं पुन्हा चाळली. एकही माप वेडंवाकडं नव्हतं. तपासायचा राहिला होता फक्त बोर्ड, आणि तो तर बाबांनी केलेला, तो काय तपासायचा?

तरी टेप लावला. सर्वांत खालच्या ओळीतलं घर बरोबर वीस सेंटिमीटर. त्याच्या वरचं वीस सेंटिमीटर आणि एक मिलिमीटर. त्याच्या वरचं दोन मिलिमीटर जास्त. सहावी ओळ, सर्वांत वरची, पाच मिलिमीटर जास्त. उंचीलाही, रुंदीलाही.

बाबा भिंतीचा उडालेला हिरवा रंग लावायला आले होते. मी तणतणत त्यांच्यापुढं गेले. "बाबा, वरची घरं मोठी काहून काढली?"

"मंग?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "बोर्ड वर टांगत्यात, मानूस खालून पाह्यतो. सारखी काढली तं वरची बारीक दिसतेत. थोडं थोडं वाढवत न्यावं लागतंय."

"मी सांगितलं होतं, सगळी घरं एका मापाची!"

"एका मापाचीच दिसून राहिली ना?"

"दिसायला नको होती, बाबा, असायला हवी होती! हा बोर्ड वर टांगायचा नव्हता!"

बाबांनी बोर्डाकडं पाहिलं, मग हाताकडं. "मी मुद्दाम न्हाई केलं," ते हळूच म्हणाले. "हातच तसा जातो."

माझा राग तिथंच विरघळला. कारण मला कळलं, संगणक फसला का. बाबांचा हात जरा इकडंतिकडं गेला असता, एखादं घर दोन मिलिमीटर मोठं, एखादं एक लहान, तर संगणकाने लगेच तक्रार केली असती. पण पट्टी वीस सेंटिमीटरला लावून, मग नुसत्या अंदाजाने, ओळीमागं ओळ, बरोबर एकेक मिलिमीटर वाढत गेला होता तो हात. इतकी एकसारखी वाढ माणसाची असेल हे संगणकाच्या गणितात बसतच नव्हतं. त्याने मानलं की घरं सारखीच आहेत, बोर्डच कॅमेऱ्याकडं झुकलाय. आणि झुकलेल्या बोर्डावरून झुकलेली जमीन.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम डेपोपासून मोंढ्यापर्यंत चालत गेले आणि वर मान करून बाबांचे बोर्ड पाहिले. किराणा, दवाखाना, सायकल दुकान, वकील. अक्षरं खालपासून वरपर्यंत सरळ, एकसारखी. पंचवीस वर्षं सगळं हिंगोली खालून वर बघत होतं आणि कुणाला कल्पना नव्हती की प्रत्येक वरच्या ओळीत एक माणूस आपल्यासाठी थोडं थोडं वाढवून ठेवतोय. आपला डोळा कुठून बघणार, किती उंचीवरून, किती लांबून, हे शिडीवर उभं राहून त्याने आधीच ओळखलेलं. मी दोन वर्षं हैदराबादला राहून जे शिकले, ते माझ्या घरात रोज रॉकेलने हात धूत होतं. मी बसस्टँडसमोर उभी राहून रडले. एका रिक्षावाल्याने विचारलं, बहनजी, कुछ तकलीफ है क्या?

नवा बोर्ड करायला मी बाबांना सांगितलं नाही. होता तोच ठेवला. मिलिमीटरची पट्टी घेऊन एकूणएक घराचं खरं माप घेतलं आणि ते सगळं संगणकात भरलं, म्हणजे बाबांच्या हाताची सवयच त्याला शिकवली. मापं जुनीच ठेवून हिशोब नव्याने करून घेतला. शनिवारी दुपारी लांबची वीट लांबच्या विटेवर जाऊन बसली. मी कॅमेरा डावीकडं नेला, उजवीकडं नेला, झूम केलं, सोडलं. दोन विटांमध्ये केसाची फट पडेना. मग मी कॅमेरा फिरवत राहिले, नुसती त्या विटांकडं बघत.

लगेच बस पकडून नव्या वस्तीत गेले. रुक्माबाई ओसरीवर भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. मी समोर जाऊन बसले. "आजी, तुमची पावलं बराबर होती. हळदीत ठसे उमटले होते, मी मोजले. माझं यंत्र चुकलं होतं. आणि मी तुम्हाला बोलले ते त्याहून चुकलं."

त्यांनी मान वर केली. "यंत्र चुकलं?"

"व्हय."

"तुजं?"

"माझंच."

"सात हायेत?"

"सातच आहेत, आजी."

त्यांनी आशाबाईकडं मान वळवली. "भाकर हाय का गं काही?"

रविवारी सकाळी गोदाम झाडून, पुसून लख्ख केलं. जनरेटर मागं लावून ठेवला होता. व्यंकटराव इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. बाबा भिंतीपाशी हिरव्या रंगाचा डबा घेऊन उभे होते, कुठं ओरखडा दिसलाच तर लावायला. आशाबाई टीव्हीसमोर बसली. मी कॅमेरा सुरू केला आणि रुक्माबाईंना हात केला.

त्या निघाल्या. टीव्हीवर पाराची पायरी मागं पडली, कडुनिंबाची सावली त्यांच्या पायांखालून सरकली. मी त्यांच्याबरोबर वळत होते, हळूहळू झूम करत होते, आणि भिंत तिच्या जागी होती, चीर तिच्या जागी, वेल तिच्या जागी. पाच. सहा. सातव्या पावलाला त्या गुडघ्यांत वाकल्या. चौकट त्यांच्या डोक्यावरून गेली, वर दोन घागरींना पुरेल एवढी जागा सोडून. पाय उचलला. टीव्हीवर तो उंबऱ्याच्या वरून गेला आणि पलीकडं टेकला.

व्यंकटरावांनी तोंडावर हात ठेवला होता. मी ती भिंत स्वतः रचलेली, एकेक वीट मला ठाऊक, तरी माझ्या अंगावर काटा उभा राहिला. कारण समोर पाहिलं तर हिरव्या फरशीवर एक म्हातारी उभी होती, बाकी काही नव्हतं. टीव्हीवर पाहिलं तर ती घरी पोचली होती.

रुक्माबाई आणखी एक पाऊल आत गेल्या. दोन्ही हात वर करून त्यांनी डोक्यावरून काहीतरी उतरवलं आणि अलगद खाली ठेवलं. मग त्या वळल्या. दारातून बाहेर बघत उभ्या राहिल्या. आम्ही त्यांना दिसत होतो, एकेक जण. त्यांची नजर बाबांवर येऊन थांबली.

"शेषराव," त्या म्हणाल्या, "भायेर काहून उभे? आत या."

बाबा जागचे हलले नाहीत. "आत कधी आलो न्हाई, बाई, मी."

रुक्माबाईंनी मान खाली घातली.

"व्हय," त्या म्हणाल्या. "मीच कधी म्हनलं न्हाई. आज म्हन्ते."

बाबांनी नको म्हणावं असं मला वाटत होतं. अगदी खरं सांगते, मनातल्या मनात मी ओरडत होते, नका जाऊ. पंचवीस वर्षांनी, घर पाण्यात गेल्यावर, चित्रातल्या घरात बोलावणं! पण बोलावणं मला नव्हतं. बाबांनी डबा खाली ठेवला, हात लेंग्याला पुसले आणि चालायला लागले.

टीव्हीकडं त्यांनी पाहिलं नाही. चिकटपट्टीकडं पाहिलं नाही. पावलं मोजताना दिसले नाहीत. हिरव्या मोकळ्या फरशीवर सरळ चालत गेले आणि एका जागी थांबले. मी टीव्हीवर पाहिलं. त्यांच्या पायांची बोटं उंबऱ्यापासून चार अंगुळं अलीकडं होती. गाव बुडेपर्यंत ते दर पोळ्याला तिथंच येऊन थांबत होते.

मग त्यांनी पाय उचलला. मी कॅमेरा त्यांच्याबरोबर वळवला. दार हललं नाही.